पाचटाची ऊब

धोडप, साल्हेर, सप्तशृंगी या बाजूला डिसेंबरात गड चढायला जाणारी मुलं आणि त्यांना निरोप देणारे आईबाप एक प्रश्न हमखास विचारतात. वाट चुकली, अंधार पडला, जवळ तंबू नाही की पांघरूण नाही. मग नुसत्या झाडपाल्याच्या आडोशानं रात्र निभेल का? त्यात ऊब येईल ती कुठून?

यातला शेवटचा प्रश्न फार मोलाचा आहे. ऊब येते कुठून हे कळलं, की आडोसा कसा बांधायचा हे निम्मंअधिक आपोआप उमगतं. ते कळलं नाही तर माणूस दोन-तीन तास खपून ऐसपैस झोपडी उभी करतो आणि मध्यरात्री तिच्यात काकडत बसतो.

हे समजून घ्यायला विंचूरचं शिवार फार चांगलं. नाशिकहून निफाडमार्गे येवल्याकडे जाताना हे गाव लागतं. उत्तरेला लासलगावची कांद्याची बाजारपेठ, दुसऱ्या अंगाला नांदूरमध्यमेश्वरचं पाणथळ, सभोवती द्राक्षबागा, गहू, कांदा आणि ऊस. जंगल म्हणावं असं इथं काही उरलेलं नाही. पण हा निफाड तालुका, आणि राज्यात थंडीचा कडाका सुरू झाला की पहिलं नाव निफाडचं निघतं. शिवाय त्याच कडाक्यात, उघड्या रानात, उसाच्या वाळल्या पाल्याच्या आधारानं सारा हिवाळा काढणारी माणसं या पट्ट्यात दरवर्षी येतात. ऊसतोड कामगारांची कोपी, म्हणजे त्यांची पाल्याची झोपडी, बारकाईनं पाहिली, तर या प्रकरणातलं बहुतेक सगळं तिथंच दिसतं.

1. पेपरातला पारा आणि जमिनीवरचा पारा

निफाडजवळ कुंदेवाडीला गव्हाचं संशोधन केंद्र आहे. हिवाळ्यात पेपरात ‘निफाडचा पारा घसरला’ असं येतं, तो आकडा बहुधा तिथला असतो. 10 अंशांच्या खाली तो दर हिवाळ्यात जातो. काही वर्षी 5 च्याही खाली उतरतो. मैदानी भागात किमान तापमान 4 अंश किंवा त्याहून कमी झालं, की हवामान खातं थंडीची लाट आली असं धरतं. म्हणजे विंचूर-निफाडकडचा शेतकरी अधूनमधून लाटेच्या उंबरठ्यावर जगत असतो.

पण हा आकडा जमिनीवर झोपलेल्या माणसाचा नसतो. वेधशाळेतलं तापमापक पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण चार फूट उंचावर ठेवलेलं असतं. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमिनीलगतची हवा त्याहून काही अंशांनी थंड असते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी पानांवर दवाचे हिमकण होतात, तेव्हा गावातला पारा शून्यावर गेलेला नसतो, त्याचं कारण हेच.

हे घडतं कसं? दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता न दिसणाऱ्या किरणांच्या रूपानं वर सोडत राहते. आभाळ भरलेलं असेल तर ढग त्यातला बराच भाग खाली परत पाठवतात. डिसेंबरातलं कोरडं, चांदण्यांनी भरलेलं आभाळ फारच थोडा परत देतं. जमीन निवते, तिच्याजवळची हवा निवते, आणि थंड हवा जड म्हणून खालीच बसून राहते, उताराला लागून खोलगट जागी साचते.

द्राक्षबागायतदाराला हे कुणी शिकवावं लागत नाही. पारा फार उतरला तर वेलीची वाढ थांबते, रात्रीची थंडी आणि दिवसाचं ऊन यांत फार तफावत पडली की मणी तडकतात. म्हणून पहाटे बागेत जागोजाग शेकोट्या पेटतात आणि ठिबकनं पाणी सोडलं जातं. विहिरीचं पाणी पहाटेच्या हवेपेक्षा बरंच कोमट असतं, आणि ओली जमीन खोलवरची उष्णता वर आणून देते. शेकोट्यांची धग तर असतेच, पण तिच्यामुळे वरची थोडी उबदार हवा खालच्या थंड हवेत मिसळते, हाही फायदा असतो.

एक गोष्ट कुणालाही पाहता येईल. थंडीच्या पहाटे अंगणात उभ्या दोन मोटरसायकली बघा, एक आभाळाखाली आणि दुसरी आंब्याच्या दाट झाडाखाली. पहिलीचं सीट दवानं चिंब असतं, पुसल्याशिवाय बसता येत नाही. दुसरीचं जवळजवळ कोरडं. दोन्हींमध्ये अंतर आठ-दहा पावलांचं, हवा तीच. फरक इतकाच, की दुसरीच्या डोक्यावर पानं आहेत आणि ती आभाळाला उघडी नाही. आडोशाचं पहिलं काम हेच, अंग आणि आभाळ यांच्यामध्ये काहीतरी आणणं.

2. ऊब कुणाची?

झोपडी ऊब तयार करत नाही. पाला, गवत, माती यांतलं काहीच स्वतःहून तापत नाही. शेकोटी नसेल तर त्या आडोशात ऊब देणारी एकच वस्तू असते, ती म्हणजे आत झोपलेला माणूस. खाल्लेल्या अन्नातून आपलं शरीर सतत उष्णता तयार करतं. शांत पडून राहिलेल्या माणसाची ही उष्णता साधारण 80 वॉट भरते. विजेच्या भाषेत बोलायचं तर बारा तासांच्या रात्रीत जेमतेम एक युनिट. हीच आपली रात्रभराची पुंजी. शरीराच्या आतलं तापमान 37 अंशांच्या आसपास टिकवायचं असतं. ते 35 च्या खाली गेलं की धोका सुरू होतो.

ही पुंजी चार वाटांनी जाते. एक वाट आत्ताच पाहिली, उघड्या आभाळाकडे जाणारी. दुसरी स्पर्शाची. थंड जमिनीला, दगडाला अंग लागलं की उष्णता सरळ तिकडे ओढली जाते. तिसरी वाऱ्याची. अंगाभोवती उबदार झालेली हवा वारा उडवून नेतो आणि तिच्या जागी नवी थंड हवा आणून ठेवतो, ती पुन्हा आपणच तापवायची. चौथी ओलाव्याची, आणि लोक हिलाच सर्वांत कमी मोजतात.

साधा हिशेब करू. घामानं किंवा पावसानं भिजलेली जीन्स आणि सुती शर्ट मिळून एक लिटर पाणी सहज धरून ठेवतात. अंगावरच्या कपड्यांतलं एक लिटर पाणी वाळायला सुमारे दोन तृतीयांश युनिट उष्णता लागते. ती देणार कोण? शरीरच. रात्रभराची कमाई एक युनिट, त्यातला दोन तृतीयांश भाग नुसते कपडे वाळवण्यात खर्च. सह्याद्रीत भर पावसाळ्यात, पारा 18-20 अंशांवर असतानाही माणसं गारठून दगावतात, ती या हिशेबामुळे. ओले कपडे अंगावर ठेवून कितीही चांगल्या आडोशात शिरलात तरी उपयोग थोडाच. कोरडा एखादा कपडा असेल तर तो घाला. नसेल तर ओला काढून घट्ट पिळा आणि मग घाला. सुती कापड ओलं झालं की ऊब धरत नाही, लोकर बऱ्यापैकी धरते. धनगराच्या खांद्यावर पावसाळ्यातही घोंगडी असते, ती उगीच नाही.

3. थांबलेली हवा

उष्णता अडवणारी सर्वांत स्वस्त वस्तू हवा. अट एकच, ती हलता कामा नये. थांबलेल्या हवेतून उष्णता जितकी झिरपते, त्याच्या दोन-तीन पट कोरड्या पाल्यातून किंवा गवतातून, सुमारे 24 पट पाण्यातून आणि साठ-सत्तर पट आपल्या काळ्या पाषाणातून. पाला उपयोगी पडतो तो पाला म्हणून नाही. त्याच्या वळलेल्या, एकमेकांवर अडकलेल्या पानांमध्ये हवेच्या हजारो पोकळ्या बंद होतात म्हणून. गोधडीत जुन्या लुगड्यांचे थर घालतात, त्यातही थरांमधली हवाच काम करते.

विंचूर-लासलगावच्या माणसाला हे कांदाचाळीवरून पटकन कळेल. चाळीचा तळ जमिनीपासून उचललेला असतो, त्याला आणि बाजूंना फटी ठेवतात, चाळीची रुंदी बेताची ठेवतात, ती कशासाठी? हवा खेळती राहावी, कांद्यातली ऊब आणि ओल वाऱ्यानं बाहेर न्यावी, नाहीतर कांदा सडतो. आता या चाळीचं सगळं उलटं करा. तळाला फट नको, बाजूंना फट नको, आत मोकळी जागा नको. माणसासाठी थंडीतला आडोसा म्हणजे उलटी कांदाचाळ.

4. कोपी

दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीचा हंगाम लागतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. बीड, अहिल्यानगर, जालना, चाळीसगाव, नांदगाव अशा दुष्काळी पट्ट्यांतून मुकादमाबरोबर टोळ्या निघतात, कारखान्याच्या आवारात किंवा फडाजवळच्या मोकळ्या रानात उतरतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. पोचल्यावर पहिलं काम कोपी उभी करण्याचं.

कोपी बांधताना जवळ उभं राहून बघावं. बांबूच्या चिरलेल्या कांबी दोन्ही टोकांनी जमिनीत रोवून कमान करतात, किंवा दोन दुबेळक्यांवर, म्हणजे बेचक्याच्या खांबांवर, आढं टाकून दोन्ही बाजूंना वासे टेकवतात. वर बांबूच्या चटया नाहीतर प्लास्टिकचा कागद, आणि त्यावर किंवा त्याच्या जागी पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं. पाचट शाकारण्याची रीत पाहण्यासारखी असते. माणूस मुठीत मावेल एवढी पेंढी घेतो, जमिनीवर आपटून तिची टोकं सारखी करतो आणि सगळ्यात खालच्या ओळीपासून लावायला सुरुवात करतो. वरची ओळ खालचीच्या निम्म्यावर येते. पानांची टोकं खाली लोंबतात, म्हणजे दव किंवा पाऊस पानावरून पानावर घरंगळत बाहेर पडतो, आत शिरत नाही. वरून खाली शाकारलं तर प्रत्येक ओळ पाण्याला आत वाट देते.

दार इतकं ठेंगणं की वाकूनच शिरावं लागतं. तिथं गोणपाट किंवा जुनी साडी. आतली जमीन सारवलेली, तिच्यावर पाचट, पाचटावर अंथरूण. चूल बाहेर. शेजारी बैल बांधलेले. दार ठेंगणं का, तर उबदार हवा हलकी असते, ती वरच्या भागात साचते; दाराची वरची कड खाली असली की ती आतच अडून राहते. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरीकडच्या कोकणा, वारली, ठाकर, महादेव कोळी घरांतही हेच शहाणपण दिसतं. कारवीचा कुड, त्यावर शेणमातीचा लेप, त्यामुळे फटी बंद. आणि कित्येक घरांत गोठा घरातच. एक गाय चार-पाच माणसांइतकी तरी उष्णता देते.

हे ज्ञान फार जुनं आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजनं 1968 ते 1983 या काळात उत्खनन केलं. तिथं सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या, उत्तर-जोर्वे काळातल्या थरांत लहान गोल झोपड्यांचे अवशेष सापडले. त्यांचे खांब जमिनीत रोवल्याच्या खळग्या अजून ओळखता येतात. तेवढ्याच जमिनीला गोल घराची भिंत चौकोनी घरापेक्षा कमी लागते. भिंत कमी म्हणजे साहित्य कमी आणि उष्णता बाहेर जायला जागाही कमी.

कोपीचं कौतुक करताना एक गोष्ट मनापासून सांगितली पाहिजे. ही माणसं कोपीत राहतात ती हौसेनं नव्हे. अवकाळी पाऊस आला की पाचट गळतं, एका ठिणगीनं अख्खी कोपी पाहता पाहता जळून जाते, लहान मुलांना धूर आणि गारठा दोन्ही सोसावे लागतात. वर्षाचे पाच-सहा महिने साखरेसाठी राबणाऱ्यांना पक्कं छप्पर आणि शौचालय मिळायलाच हवं. त्यांच्या हातातलं कसब थोर आहे, म्हणून त्यांच्यावर ती वेळ येत राहावी असं मुळीच नाही.

5. जागा

आता डोंगरात वाट चुकलेल्या माणसाकडे येऊ. डिसेंबरात इकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि सातच्या आसपास उगवतो. तेरा तासांची रात्र. आडोसा उभारायला एकट्या माणसाला दोन-तीन तास लागतात. तेव्हा साडेतीन-चारला वाट सापडत नसेल तर शोध थांबवून जागा बघायला लागावं.

ओढ्याकाठी, दरीच्या तळाशी उतरू नका. थंड हवा तिथंच साचते, दवही तिथंच जास्त पडतं. माथ्यावर, खिंडीत नको. तिथं वारा झोडपतो. उताराचा मधला टप्पा चांगला, त्यातही वाऱ्याच्या आडोशाचा आणि सकाळचं ऊन लवकर येणारा. दाट पानांचं जिवंत झाड डोक्यावर असेल तर अर्धं छप्पर तयार आहे. मात्र वाळक्या फांद्या लोंबत असतील तर ते झाड टाळावं. कड्याखाली सुटे दगड पडलेले असतील तर तेही ठिकाण टाळावं.

गडावर गुहा किंवा पाण्याच्या टाक्याजवळ खोदलेली लेणी असतात. वारा आणि आभाळ या दोन्हींपासून त्या वाचवतात, पण जमीन पाषाणाची. तिथं वेगळी झोपडी नको, जाड अंथरूण मात्र दुप्पट हवं.

आणि खाली, निफाडसारख्या पट्ट्यात, उसाच्या फडाला लागून उघड्यावर झोपू नये. बिबट्याचा वावर तिथं नेहमीचा आहे. सरळ एखादी वस्ती गाठावी. मळ्यात राहणारा माणूस रात्री दाराशी आलेल्याला परत पाठवत नाही.

6. आधी अंथरूण

नवखा माणूस छपरापासून सुरुवात करतो. सुरुवात अंथरुणापासून करा. वेळ अपुरा पडला आणि एकच गोष्ट करता आली, तर ती अंथरूण असावी. अंगाचा भार पडतो तिथं कपडे दबतात, त्यांतली हवा निघून जाते, आणि पाठ, नितंब, खांदे थेट जमिनीला भिडतात.

अंगाच्या लांबी-रुंदीपेक्षा थोडी मोठी जागा साफ करा. सगळ्यात खाली बोटाएवढ्या जाडीच्या काटक्या, आडव्या-उभ्या. त्यावर गवत आणि पाला, गुडघ्याएवढ्या उंचीचा ढीग. आडवे होऊन बघा. तो निम्म्याहून जास्त बसेल. पुन्हा भर घाला, पुन्हा झोपा. झोपल्यावर अंगाखाली निदान एक वीत जाडी उरली पाहिजे.

साहित्य कोणतं? सागाचं वाळलेलं पान मोठं आणि वळलेलं असतं, हवा छान धरतं, पण सागाची खरी पानगळ हिवाळा सरताना होते. पळस, मोह, ऐन यांची पानं चालतात. पवना, मारवेल अशी मऊ गवतं अंथरुणाला उत्तम. कुसळी गवत बाहेरच्या भरीला वापरा, अंथरुणाला नको. त्याची कुसळं कपड्यातून आत शिरतात. सपाटीवर असाल तर मक्याचा चारा, बाजरीचं सरमाड, गव्हाचा काड, पाचट, काहीही. मुठीत दाबून बघा. कुरकुर वाजलं आणि सोडल्यावर पुन्हा फुललं तर कोरडं आहे. दाबून गोळा झाला तर ओलं आहे. सगळ्यात बाहेरच्या थरात टाका.

पाला थेट हातानं कवळ्यात घेऊ नका. आधी लांब काठीनं उलथा. फुरसं, घोणस, विंचू यांना हाच पाला आवडतो. आणि जे वाळून पडलं आहे तेच उचला. जिवंत झाड तोडणं राखीव वनात गुन्हा आहे, शिवाय ओल्या फांद्यांच्या पानांनी ऊबही मिळत नाही.

7. सांगाडा, भर, दार

अंथरुणावर झोपून दोन्ही बाजूंना हाताच्या पंजाएवढी जागा सोडा, एवढीच आतली रुंदी. मनगटाएवढ्या जाडीचं, आपण हात वर करून उभं राहिल्यावर जितके उंच होतो तितक्या लांबीचं मजबूत लाकूड आढ्यासाठी घ्या. एक टोक कमरेएवढ्या उंचीवर, दुबेळक्यावर किंवा झाडाच्या बेचक्यात. दुसरं टोक पायाकडे जमिनीवर. त्यावर अंगाचा भार टाकून बघा. मोडायचं असेल तर आत्ताच मोडू दे, तुम्ही आत झोपलेले असताना नको.

दोन्ही बाजूंना वीतभर अंतरानं वासे तिरपे टेकवा. उतार निम्म्या काटकोनापेक्षा उभा हवा, म्हणजे पाणी टिकत नाही. वाशांवर आडव्या काटक्या, घाणेरी-निर्गुडीच्या वाळक्या फांद्या, म्हणजे पाला आत गळत नाही. बांधायला पळसाच्या मुळांचा वाख किंवा घायपाताचे दोर करता येतात, पण घाईच्या वेळी टेकवलेल्या आणि अडकवलेल्या लाकडांनीही भागतं. मग कोपीसारखं, खालून वर, पाला.

किती जाड? पुन्हा थोडं गणित. एका माणसाच्या अशा आडोशाचा पृष्ठभाग साधारण 5 चौरस मीटर. बाहेर 4 अंश, आत 24 हवेत, फरक 20 चा. पाल्याचा थर 10 सेंटीमीटर असेल तर त्यातून सुमारे 70 वॉट निघून जातात, म्हणजे अंगात तयार होणारी जवळजवळ सगळी उष्णता. थर 30 सेंटीमीटर केला तर 23 वॉट. 60 केला तर 12. पहिल्या फुटानं फार मोठा फरक पडतो, दुसऱ्यानं थोडा. तरीही दोन फूट घालावा, कारण हे कागदावरचे आकडे आहेत. रानातल्या थराला फटी असतात, तो रात्रीत बसतो, दवानं वरचा भाग ओला होतो.

याच हिशेबानं उभं राहता येईल अशी खोली करून बघा. पृष्ठभाग 25 चौरस मीटर झाला तर फूटभर पाल्यातूनही सव्वाशे वॉटच्या आसपास जातात. एकटा माणूस 80 वॉटवर ती खोली तापवू शकत नाही. कोपी मोठी असूनही चालते, कारण तिच्यात सगळं कुटुंब असतं. तिघं-चौघं अडकला असाल तर वेगळे आडोसे बांधू नका. एकच बांधा आणि चिकटून झोपा.

आतली उरलेली पोकळीही मऊ पाल्यानं भरा आणि पाय आधी घालून सरपटत शिरा. शर्टात किंवा पिशवीत पाला कोंबून गाठोडं करा आणि तेच दार म्हणून डोक्याकडे ओढून घ्या. श्वासापुरती फट ठेवा. डोकं-कान झाकलेले हवेत.

एवढ्याला वेळ किंवा ताकद नसेल तर? दोन कपड्यांच्या मध्ये कोरडं गवत कोंबा, पँट मोज्यात खोचून तिच्यातही भरा. टोचेल, खाजेल, पण ऊब धरेल. आल्प्सच्या बर्फात 1991 मध्ये सापडलेल्या, सुमारे 5,300 वर्षांपूर्वीच्या माणसाच्या पायतणातही गवत भरलेलं होतं.

8. शेकोटी कुठं?

बाहेर. पाल्याच्या आडोशात कधीच नाही. आग लागण्याचा धोका सगळ्यांना दिसतो, दुसरा धोका दिसत नाही. बंद जागेत धुमसणाऱ्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू सुटतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेला माणूस जागाच होत नाही. दारं-खिडक्या लावून शेगडी पेटवून झोपलेली कुटुंबं अशी दगावली आहेत.

वणव्याच्या भीतीनं राखीव वनात आग पेटवायला 1927 च्या वन कायद्यानं बंदी आहे. जीव वाचवण्याची वेळ आलीच तर चार-पाच पावलं लांब, गवत काढून साफ केलेल्या मातीवर, छोटी शेकोटी करावी आणि तिच्याजवळ जागं असेपर्यंतच बसावं. मोठ्या दगडाला पाठ देऊन बसलं तर त्यावरून परतणारी धगही मिळते. दगड तापवून कापडात गुंडाळून कुशीत घेता येतात, पण ते ओढ्यातले नसावेत. आत मुरलेल्या पाण्याची वाफ झाली की असे दगड फुटतात.

9. पहाट

सर्वांत थंड वेळ मध्यरात्रीची नसते, ती सूर्योदयाच्या सुमाराची असते. ऊन पुरेसं चढेपर्यंत जमीन उष्णता गमावतच राहते. म्हणून फटफटलं की लगेच बाहेर पडू नये. उताराला ऊन लागेपर्यंत आतच राहावं, हातपाय आखडून-सैल करत राहावं, जवळ असेल ते गोड खाऊन घ्यावं. रात्री लघवीला जावंसं वाटलं तर जाऊन यावं, दाबून ठेवल्यानं ऊब वाचत नाही.

सोबत्यावर लक्ष ठेवा. कुडकुडणं हे शरीर झगडत असल्याचं लक्षण आहे. बोटांनी बटण लावता येईना, बोलणं जड झालं, माणूस भलतंच बरळू लागला की प्रकरण हाताबाहेर चाललं आहे. आणि कुडकुडणं अचानक थांबून तो सुस्त झाला तर त्याला सुधारणा समजू नका. त्याला चालवू नका, हातपाय चोळू नका, दारू पाजू नका. ओले कपडे काढा, दोघांनी दोन्ही बाजूंनी अंगाला अंग लावून झोपा, छाती-पोट आधी उबदार करा. गिळता येत असेल तरच कोमट, गोड पाणी घोट घोट द्या. मोबाइलला रेंज मिळाली की 112 लावा, आणि कोणत्या गडाच्या कोणत्या अंगाला आहात, पायथ्याला कोणतं गाव सोडलं होतं, हे आधी सांगा. पायथ्याच्या गावातली माणसं त्या खुणेवरून शोध पथकाच्या आधी पोचतात.